मदत हवी आहे: निन्टेंडोचा शेअर घ्यावा का?

मंडळी, रत्नागिरीहून लिहितोय. आंब्याचा हिशेब झाला की थोडे पैसे शेअर्समध्ये टाकतो, आजवर सगळे इथलेच. यंदा पुण्यातला भाचा निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या मागे लागलाय, "मामा, घेऊन ठेवा." (तो स्वतः दिवसभर खेळतो, तेव्हा त्याचं मत किती धरायचं कोण जाणे.)

२०१७ चा स्विच (त्यांचं गेम खेळायचं यंत्र) १५ कोटींवर खपला. जून २०२५ मध्ये स्विच २ आला, चार दिवसांत ३५ लाख नग गेले. भाचा याच आकड्यावर खूश आहे. पण याच कंपनीचं स्विचच्या आधीचं यंत्र, वी, १० कोटींवर खपलं आणि त्यामागून आलेला वी यू दीड कोटीही गाठू शकला नाही. २०११ मध्ये त्यांच्याच थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राची किंमत सहा महिन्यांच्या आत २५० डॉलरवरून १७० वर आणावी लागली होती. मग सुरुवातीच्या गर्दीवरून पुढचं कसं ओळखायचं?

स्टीम डेक वगैरे दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांची मला फारशी भीती वाटत नाही. निन्टेंडोचे मारिओ, झेल्डा हे गेम तिथे अधिकृतपणे मिळत नाहीत. खरी स्पर्धा मोबाइलची. आमच्याकडे एसटीत बसलेली पोरं दुसऱ्या कशावर खेळताना दिसतच नाहीत.

जाणकारांनी सांगा: यंत्रांची विक्री बघायची की एका यंत्रामागे किती गेम खपतात ते? शेअर मूळ टोकियोचा, मग अमेरिकेतली डिपॉझिटरी रिसीट (मूळ शेअरच्या बदल्यात तिथे डॉलरमध्ये मिळणारा कागद) घेतली तरी येन घसरला की फटका बसतोच ना? आणि इथून कोणी घेतला असेल तर बँकेत कागदपत्रं काय लागली?