शाळेत फॉरवर्ड तपासायला शिकवावं का? (बिबट्याच्या फोटोवरून सुरू झालंय)

खडूवाला:
मागच्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर बिबट्याचा फोटो आला. जुन्नरकडच्या लोकांना सांगायला नको, ऊस वाढला की बिबट्या आलाच, पण हा फोटो म्हणजे डांबरी रस्त्यावर मादी आणि तीन बछडे, खाली लिहिलेलं 'आत्ताच, आपल्या शाळेच्या मागे, पोरांना पाठवू नका'. दुसऱ्या दिवशी माझ्या आठवीच्या वर्गात ४८ पैकी १९ पोरं. म्हटलं आज धडा पुढे नेण्यात काही अर्थ नाही, स्वतःचा फोन काढला, फोटो गूगल लेन्समध्ये टाकला आणि फोन बाकावर ठेवला. पोरं वाकून बघतायत, तोच फोटो दोन-चार ठिकाणी, सगळ्यात जुना सात वर्षांपूर्वीचा. तेवढ्यात मागून एक पोरगी म्हणाली, सर तो मैलाचा दगड बघा ना, त्याच्यावरची अक्षरं आपली नाहीत. झूम केलं तर कन्नड! तीन मिनिटांत निकाल.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण २००१ पासून एमएससीआयटी करत आलो, आणि 'डिजिटल शिक्षण' म्हटलं की अजून आपल्याला मशीन चालवणं एवढंच सुचतं. मशीन पोरांना येतं हो. असरचा (शाळकरी मुलांच्या शिक्षणाची पाहणी) २०२४ चा ग्रामीण भागाचा अहवाल बघा, १४ ते १६ वयातल्या ८२ टक्के पोरांना स्मार्टफोन वापरता येतो, आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेली ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी ७६. मग येत काय नाही? हे कोण सांगतंय, त्याला कसं कळलं, दुसरं कोणी म्हणतंय का, एवढं विचारायला येत नाही. नवीन विषय नको, पुस्तक नको, पंधरा दिवसांतून एक तास द्या, पाचवीपासून.

आणि 'नीट वाचा म्हणजे कळेल' असं कोणी म्हणू नका. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी २५ विद्यार्थी, १० इतिहासाचे पीएचडीवाले आणि १० फॅक्टचेकर यांना सारख्याच वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. विद्यार्थी तर सोडाच, इतिहासवालेही बरेच लोगो आणि टापटीप बघून फसले, कारण ते त्याच पानावर वाचत बसले. फॅक्टचेकर पान अर्धवट सोडून लगेच दुसऱ्या टॅबमध्ये 'ही संस्था नक्की कोणाची' हे शोधायला गेले. आपण पोरांना आयुष्यभर उलटं शिकवतो, पूर्ण वाच मग बोल.

पाटी_पेन्सिल:
सर, आदर ठेवून सांगतो, तुमच्या गोष्टीत तुम्हीच हरलात. कन्नड अक्षरं त्या पोरीने डोळ्यांनी ओळखली, तुमच्या लेन्सने नाही. तिला वाचता येत होतं म्हणून 'ही आपली अक्षरं नाहीत' हे कळलं. तुम्ही असर काढलंत तर मीही काढतो, २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या साधारण पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत सलग वाचता येत नाही. त्यांना काय टॅब उघडायला सांगू?

दुसरं, तास कुठून आणू. बीएलओचं (मतदार यादीचं) काम, पोषण आहाराचा हिशोब, रोज एक नवीन लिंक 'आज दुपारी दोनपर्यंत माहिती भरा'. जलसुरक्षा विषय आला तेव्हाही छान छान बोलले होते सगळे, आमच्याकडे पोरं एकमेकांच्या वह्या उतरवतात आणि सगळ्यांना अ श्रेणी. याचंही तेच होईल, 'माहिती साक्षरता उपक्रम वही', वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवा, सही घ्या. पुस्तकात क्यूआर कोड आले (डिसले गुरुजींनी केलं ते खरंच भारी होतं, वाद नाही), पण माझ्या वर्गात तो कोड स्कॅन करायला एकच फोन आहे आणि तो माझा, डेटाही माझाच. लोकवर्गणीतून आलेल्या टीव्हीला बाईंनी फुलाफुलांचं कव्हर शिवलंय, ते फक्त पाहुणे आले की निघतं.

लँडलाइनवाला:
२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला. मी सातवीत होतो, आमचे विज्ञानाचे सर स्वतः चमचा घेऊन रांगेत, आणि त्याच सरांनी महिन्याभराने पृष्ठताण शिकवला, ज्याने ते दूध चमच्यातून ओढलं जात होतं 😂 एकाही पोराने विचारलं नाही की सर मग ते दूध? तेव्हा कुठलं व्हॉट्सॲप, बातमी लँडलाइनवर फिरली, मामाचा फोन आला नाशिकहून. म्हणून म्हणतो हे डिजिटल वगैरे काही नाही, विज्ञानाचा तास नीट घ्या, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू नका, झालं काम.

आणि शिकवायचं तर पोरांना कशाला? २०१६ ला दोन हजारच्या नोटेत चिप आहे म्हणून टीव्हीवर सांगणारे काय आठवीतले होते का? जन गण मन ला युनेस्कोने जगात पहिला नंबर दिला ही थाप दर १५ ऑगस्टला आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकणारे काका रिटायर्ड इंजिनिअर आहेत.

खडूवाला:
@लँडलाइनवाला गणपतीच्या दुधाने चमचाभर दूध वाया गेलं. राईनपाडा आठवतं का? १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे, 'पोरं पळवणारी टोळी आलीय' या मेसेजच्या जोरावर जमावाने मारून टाकले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड अशी मर्यादा आणली. अफवा तीच जुनी असेल पण तिचा वेग वेगळा आहे, तुमच्या मामाला डायल फिरवायला तरी वेळ लागत होता.

@पाटी_पेन्सिल वाचनाचं मान्य. कामाचंही मान्य, माझ्याही गळ्यात बीएलओ आहे. पण वाचता येईपर्यंत थांबू म्हणालात तर व्हिडिओ थांबणार नाहीत, ते बघायला वाचता यावं लागत नाही.

शंकासुर:
मी क्लास घेतो, नववी-दहावी. दोन वर्षांपूर्वी खडूवाल्यांसारखाच उत्साह होता, रोज एक फेक बातमी फोडून दाखवायचो. सहा महिन्यांनी काय झालं? पोरं हुशार नाही झाली, आगाऊ झाली. काहीही सांगा, 'सर हे फेक असेल'. पेपरात आलं, फेक. पाठ्यपुस्तकात आहे, ते पण फेक. एका पोराने गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल मला ऐकवलं, 'सर दोन्ही बाजू असतात ना'. २०१८ च्या नोव्हेंबरात ही मोहीम शाळेत आली तेव्हा निम्म्या आयांनी घाबरून पोरं घरी ठेवली होती, त्यातलाच हा, आता माझ्याच शब्दांत बोलत होता. संशय शिकवणं सोपं आहे हो. विश्वास कशावर ठेवायचा हे शिकवणं अवघड.

आणि अजून एक, ज्यावर कोणी बोलत नाही. मराठी माध्यमाचं पोरगं मराठीत शोधायला गेलं तर त्याला काय मिळतं? 'हे पाच उपाय करा, डॉक्टर विसराल'. खरी माहिती सगळी इंग्रजीत. त्याला सांगायचं दुसरा टॅब उघड, आणि त्या टॅबमध्ये तोच कचरा कॉपी-पेस्ट केलेला, म्हणजे त्याला वाटणार दोन ठिकाणी आलंय तर खरं असेल! मराठी विश्वकोश आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभा केलेला, आज फुकट ऑनलाइन आहे, पण माझ्या क्लासमधल्या एकाही पोराने नाव ऐकलेलं नव्हतं. हल्ली तर एआयला विचारतात. सावित्रीबाईंवर निबंध आणला एकीने, जन्मगाव पुणे. नायगाव, खंडाळा तालुका, हे तिच्या आजीलाही माहीत होतं, आजीला विचारलं नाही.

चिपळूणची:
नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही काही वर्षं केरळात कण्णूरला होतो. तिथे २०१८ ला कलेक्टरांनी दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे तास सुरू केले होते, 'सत्यमेव जयते' नावाने. कारण हीच लसीची अफवा. आमच्या शेजारचा पोरगा घरी येऊन आजोबांचे फॉरवर्ड तपासायचा, आजोबा चिडायचे, मग हळूहळू आजोबाच फोन त्याच्यासमोर धरायला लागले. म्हणजे काकांना शिकवायचा रस्ता पोरांकडूनच जातो, लँडलाइनवाले 🙂

सुमनताई_नांदेड:
तुम्ही सगळे पुरुष 'पोरं' म्हणताय त्यात पोरी किती? २०२३ च्या त्याच असरात, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ च्या मुलांपैकी ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन, मुलींपैकी २० टक्क्यांकडेच. आमच्याकडे पोरीच्या हातात फोन दिसला की आधी हिसकावतात मग विचारतात काय करत होतीस.

माझ्या दिराला स्कॉलरशिप मंजूर झाली म्हणून मेसेज आला, प्रोसेसिंगचे १९९९ रुपये भरा. दीर भरायला निघालेच होते, पुतणी म्हणाली काका स्कॉलरशिप देणारा पैसे कशाला मागेल, आणि नंबर तर मोबाइलचा आहे. तिला कोणी तास घेऊन शिकवलं नव्हतं, शाळेच्या भिंतीवर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर रंगवलाय तेवढाच. पण तिने बोलल्यावर दिरांनी ऐकलं का? नाही. मोठ्या भावाला फोन लावला, तो म्हणाला भरू नको, मग थांबले. पोरीला तपासता येऊन उपयोग काय, घरात ऐकणारं पाहिजे.

पाटी_पेन्सिल:
ताईंचं वाचून गप्प झालो जरा. वेगळ्या विषयाला माझा विरोध कायम आहे, वही काढायला लावली तर मी पहिला बोंब मारणार. पण शनिवारचा शेवटचा तास तसाही वाया जातो. मराठीच्याच तासात उतारा म्हणून स्कॉलरशिपचा मेसेज दिला तर? वाचन पण होईल, प्रश्न पण, 'पैसे कोण मागतंय, नंबर कुणाचा'. फोन लागणार नाही. फक्त बिबट्या नको, आमच्याकडे चंद्रपुरात वाघाचे मेसेज बऱ्याचदा खरेच निघतात 😅

खडूवाला:
चालेल की! आणि एखादा खरा मेसेज पण मिसळा हो, नाहीतर शंकासुर म्हणतात तसं सगळ्यालाच फेक म्हणतील. वनखात्याचा खरा इशारा आला असेल तर तोच घ्या. सुमनताई, तुमच्या दिराला आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट मिळेल का, नाव-नंबर खोडून?

सुमनताई_नांदेड:
पुतणीला सांगते. फोन दिरांच्याच खिशात असतो, ते झोपले की पाठवेल.

पाटी_पेन्सिल:
प्रिंटरची शाई संपलीय, मी फळ्यावरच लिहून घेईन.