आधी मागचा ॲक्सल बघा, मग स्कूटर

मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) मागच्या रॅकवर कुठली स्कूटर न्यावी, या प्रश्नावर ‘हलकी म्हणून ५० सीसीच घ्या’ असा सल्ला आलाय, तो मला पटत नाही. एकट्याला ठीक, पण दोघं बसून चढ लागला की ती रडते. शिवाय बऱ्याच ५० सीसी स्कूटरही ९० किलोच्या आसपास असतात आणि होंडाची व्हिजन ११० साधारण १०० किलो भरते. दहा किलोंसाठी कशाला जीव मेटाकुटीला आणायचा?

खरी गोम रॅकच्या जागेत आहे. समजा स्कूटर १०० किलो, रॅक ३०. रॅक गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या (म्हणजे चाकांच्या आसाच्या) २ मीटर मागे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर ४ मीटर. मग तरफेसारखं होऊन मागच्या ॲक्सलवर १३० नाही, तब्बल १९५ किलो वाढतात आणि पुढची चाकं ६५ किलोंनी हलकी होतात. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असेल, तर ओल्या गवतातून निघताना ती जागच्या जागी गरगरतात. (आम्ही हे चिखलासकट अनुभवलंय.) म्हणून पाणी-सामान भरून, माणसं बसवून दोन्ही ॲक्सल वेगवेगळे काट्यावर घाला.

आणि हो, रॅकवर पट्टे आवळताना स्कूटरचं सस्पेन्शन थोडं दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर खड्ड्यात पट्टे सैल पडतात.