पोलिंगला मराठीत काय म्हणाल? आणि ते थांबवायला?

सर्व्हर चालूये का हे दर पाच सेकंदांनी विचारत राहायचं, याला जावास्क्रिप्टवाले पोलिंग म्हणतात. नवीन पोरांसाठी मराठीत नोट्स लिहितोय, तिथे पोलिंग वाचलं की मतदान केंद्रच डोळ्यापुढे येतं. मी 'हेलपाटे' लिहिलंय, चालेल?

— हेलपाट्यात फुकट गेल्याची चुटपुट आहे हो. इथे सर्व्हर उत्तर देतो तरी. 'तगादा' कसा वाटतो?

— तगाद्यात वसुली आली, सर्व्हर काय आपलं देणं लागतो? भाऊ, नाशकात राहून शब्द शोधताय! गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण काय करतो, सारखं रामकुंडाकडे जाऊन बघायचं, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं का, कमरेला लागलं का, परत घरी, परत तिकडे. आमची आजी म्हणायची, सकाळपासून चार खेपा झाल्या तुझ्या. खेप लिहा.

— खेप झकास. म्हणजे सेटइंटरव्हलने (ठरावीक वेळाने तेच काम परत परत करवणारं फंक्शन) खेपा लावायच्या, तो जो आकडा देतो तो जपायचा आणि क्लिअरइंटरव्हलला तोच द्यायचा, की खेपा बंद. माझ्याकडे स्टार्टचं बटण दोनदा दाबलं गेलं की नवा आकडा जुन्यावर बसायचा, मग स्टॉप दाबा नाहीतर डोकं आपटा, पहिल्या खेपा चालूच, आणि चुकीचा आकडा दिला तरी क्लिअरइंटरव्हल एरर देत नाही, ढिम्म. शेवटी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये जोडीने रिक्वेस्ट जाताना दिसल्या तेव्हा कळलं.

— 'खेपा बंद' बरोबर, पण त्या पुढच्या. जो पोरगा आधीच रामकुंडाकडे निघालाय तो येऊन सांगणारच ना! निघालेल्या फेचला, म्हणजे सर्व्हरकडे पाठवलेल्या रिक्वेस्टला, थांबवायला अबॉर्टकंट्रोलर लागतो. त्याला वेगळा शब्द हवा, 'खेप माघारी बोलावणे'.

— माघारी नको. अबॉर्ट केलं तरी रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली असेल तर तो आपलं काम करू शकतो, आपण फक्त उत्तराची वाट बघत नाही. 'खेप सोडली' म्हणा.

— नाशकात 'सोडली' म्हटलं की धरणातून सोडल्यासारखं वाटेल, म्हणजे पाठवली! उलटाच अर्थ. 'नाद सोडला' लिहा सरळ.

— 'त्या खेपेचा नाद सोडला.' लिहून टाकलं.