गाळाचा मुक्काम

धरणात साचणाऱ्या गाळाचा सगळा दोष अलीकडच्या जंगलतोडीला देताना ‘यंदा डोंगरावरून सुटलेली माती यंदाच धरणात जाऊन बसते’ असे म्हटले जाते. हे मत चिकणमातीपुरते बऱ्याच अंशी पटते, कारण ती पाण्यात तरंगत पुराच्या वेगानेच जाते. वाळू आणि गोटे मात्र तळाशी लोळत, उड्या मारत सरकतात आणि पूर ओसरला की वळणाच्या आतल्या बाजूला थांबतात. शिवाय पात्राबाहेर पसरलेले पाणी संथ होताच त्यातला बारीक पोयटाही काठावर बसतो. म्हणजे नदी गाळ नुसता वाहत नाही, तो साठवूनही ठेवते.

हा साठा किती काळ टिकतो, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडी नदीच्या काठावरील जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, ज्याचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केला. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. ती सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकातली की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण कमीत कमी आकडा धरला तरी तो थर आणि त्याच्याखालचा गाळ एवढी वर्षे समुद्राची वाट न धरता तिथेच पडून आहे, आणि आज तीच नदी आपलाच जुना काठ कापून तो पुन्हा पात्रात ओढते आहे. त्यामुळे धरणात साचलेला सगळाच गाळ अलीकडच्या जंगलतोडीच्या खात्यावर मांडणे मला घाईचे वाटते.