अलादीन परत पाहिला आणि खटकायला लागलं, मीच जास्त विचार करतोय का?

भटक्या७: काल लेकीबरोबर डिस्नेचा १९९२ चा अलादीन परत बघितला. लहानपणी जाम आवडायचा, गाणी आजही भारीच वाटतात, पण या वेळी सारखं काहीतरी खुपत होतं. सुलतानाचा महाल सरळसरळ ताजमहालासारखा, राजकन्येच्या वाघाचं नाव राजा, आणि हे म्हणे अरबस्तान! बाजारात कोणी चोर, कोणी हात तोडायला टपलेला. अलादीन आणि जास्मिन मात्र शुद्ध अमेरिकन इंग्लिश बोलतात, अरबी हेल राहिला पहारेकऱ्यांना आणि दुकानदारांना. उगाच कीस पाडतोय का मी?

निवांत_माणूस: अहो गालिचा उडतो ते चालतं आणि महाल खटकतो? परीकथा आहे, सिनेमातलं अग्रबा नावाचं गाव मुळात नाहीच जगात.

कोरीपाटी: गाव नाही कारण आधी बगदाद ठेवायचं होतं, मग आखाती युद्ध झालं आणि नाव बदललं. सुरुवातीच्या गाण्यात तर चेहरा आवडला नाही की कान कापतात अशी ओळ होती, अरब-अमेरिकन लोकांनी आवाज उठवल्यावर १९९३ च्या व्हिडिओत ती काढली, पण पुढचा 'रानटी' शब्द तसाच ठेवला, तो काढला थेट २०१९ च्या नव्या सिनेमात.
आणि गंमत म्हणजे मूळ गोष्ट घडते चीनमध्ये! सीरियातल्या अलेप्पोच्या हन्ना दियाबने १७०९ मध्ये पॅरिसला गालाँ नावाच्या फ्रेंच अनुवादकाला ती सांगितली आणि त्याने अरेबियन नाइट्समध्ये घातली. त्यात जिनही दोन आहेत, एक दिव्यातला एक अंगठीतला, आणि तीनच इच्छा वगैरे भानगड नाही.

रात्रपाळी: +१. हे काही डिस्नेने सुरू केलेलं नाही. १९२१ च्या द शेख सिनेमामध्ये वाळवंटातला शेख गोऱ्या बाईला पळवून नेतो आणि शेवटी कळतं की तो जन्माने युरोपियनच आहे, म्हणजे हिरो अरब असलेला चालेना! अभ्यासक एडवर्ड सईदने १९७८ मध्ये ओरिएंटलिझम या पुस्तकात हेच मांडलं की पूर्वेकडचं सगळं एकाच गाठोड्यात बांधायचं. ड्यून या कादंबरीचं आणि तिच्यावरच्या सिनेमाचंच बघा, वाळवंट, पोशाख, अर्धे शब्द अरबी, पण कादंबरीतला जिहाद पडद्यावर 'होली वॉर' झाला.

निवांत_माणूस: ठीक आहे, पण खोट्या गावामुळे कोणाचं काय बिघडतं?

कोरीपाटी: डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत एका पोलमध्ये विचारलं होतं, अग्रबावर बॉम्ब टाकायचे का. रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत (उमेदवार निवडायच्या मतदानात) मत देणाऱ्यांपैकी ३० टक्के हो म्हणाले, डेमोक्रॅट्समधलेही १९ टक्के. नाव अरबी वाटलं, बास.

निवांत_माणूस: आयला. हे नव्हतं माहीत. मग लेकीला दाखवायचा की नाही?

भटक्या७: आता कसलं, तिसऱ्यांदा लावलाय तिने. मघाशी विचारत होती, बाबा वाळवंटात वाघ कुठून आला :)