तारणाची खात्री आजारी आजीच्या खाटेशी बसून तपासायची का?

भिंगारची लेक:
काल ओळखीतल्या एका भावाने लिहिलं, "जगाच्या स्थापनेपूर्वी देवाने मला निवडलं. ज्याला आपल्या तारणाची खात्री नाही, त्याचं तारण झालेलंच नाही." खाली आमेनची रांग. पहिल्या वाक्याला माझंही आमेन. दुसरं वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली, मिशनच्या शाळेत दोन इयत्ता शिकलेली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं तोंडपाठ. शेवटच्या दुखण्यात तिला भेटायला एका नव्या फेलोशिपचे, म्हणजे स्वतंत्र मंडळीचे, एक तरुण पाळक आले. बसल्या बसल्या विचारलं, "आजी, आज रात्री गेलात तर कुठे जाल? खात्री आहे?" आजी म्हणाली, "त्याची मर्जी, बाळा." ते म्हणाले, "मर्जी नाही आजी, खात्री पाहिजे."

ते गेल्यावर आजीने मला जवळ बोलावलं. "बाई, माझं काही चुकलं का गं?" उशाखालचं उपासना संगीत, म्हणजे आमचं गीतांचं पुस्तक, दुधाच्या पिशवीचं कव्हर घातलेलं, ते तिने छातीशी धरलं. पुढचे नऊ दिवस सोडलं नाही. पान उघडायची ताकद नव्हती, नुसतं धरून होती.

बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात "आपल्याला" निवडलं असं आहे. सगळ्या मंडळीला धीर द्यायला लिहिलेलं ते वचन. त्यावरून शेजारच्याची झडती घ्यायला कुणी सांगितली?

रोम आठ:
ताई, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण एका पाळकाला बोलायची रीत नव्हती म्हणून सिद्धांतच मोडीत काढू नका. रोमकरांस ८:३० वाचा. नेमलं, पाचारण केलं, नीतिमान ठरवलं, गौरव दिलं. एकही कडी माणसाच्या हातात नाही.

मी अकरा वर्षं दारू प्यायलो. तीनदा मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली आणि तीनही वेळा महिन्याच्या आत गुत्त्यावर परत. चौथ्यांदा साक्ष द्यायला तोंड उरलं नव्हतं. तेव्हा एका वडील भावाने सांगितलं, "माकडाचं पिल्लू आईला धरतं, हात सुटला की पडतं. मांजराच्या पिल्लाला आई धरते. तू कोण?" त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. माझी खात्री काढून घेतली तर माझ्याकडे काय उरतं, ते आधी सांगा.

वसईवाला:
आम्हा कॅथलिकांना हे "झालं, शिक्का बसला" पटत नाही. आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या सभेनं १५४७ मध्येच सांगितलं की देवाने खास प्रकट केल्याशिवाय आपण निवडलेल्यांत आहोत असं कुणी ठामपणे म्हणू नये. पौलसुद्धा फिलिप्पैकरांना भीत व कापत तारण साधून घ्यायला सांगतो. माझी आई रोज रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, मरियेला मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर, असं म्हणायची. ती खात्री नव्हती, पण शांतपणे गेली.

रोम आठ:
म्हणजे जन्मभर कुमसार (फादरपुढे पापांची कबुली) करायचा आणि तरी टांगणीवरच राहायचं? योहान १०:२८ मध्ये येशू म्हणतो, माझ्या मेंढरांना कुणी माझ्या हातातून हिसकावणार नाही, असं स्पष्ट आहे.

वसईवाला:
टांगणी तुमचा शब्द, आम्ही आशा म्हणतो. आणि जरा माहिती घ्या. १९९९ साली आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लूथरनांनी एकत्र सही केली की तारण कृपेनेच. कृपेवर भांडण नाहीच.

घोडनदीकर:
मूळ प्रश्न बाजूला राहू द्या, पण खात्रीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. ही खात्री मागणारे लोक पुढच्या रविवारी पाण्यात उतरवतात! माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलीकडची फेलोशिप म्हणाली, बाळपणीचा बाप्तिस्मा धरत नाही, परत घ्या. कॅनॉलवर नेलं. जपून ठेवलेला बाप्तिस्म्याचा दाखला हातात धरून आमचा बाप काठावर उभा राहून रडत होता. १९७० साली नागपुरात अनेक मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही आले, आणि बाळपणीचा व मोठेपणीचा, दोन्ही रीती मान्य झाल्या. मग हे कोण खोटं ठरवणारे?

पाण्यातून वर:
मी स्वतः तीस वर्षांचा असताना बुडून घेतलाय आणि मला लाज नाही. बाळाला कसला विश्वास? डोक्यावर पाणी पडलं तेव्हा तुमचा भाऊ झोपला असेल.

घोडनदीकर:
झोपला होता, हो. झोपलेल्याला देव निवडू शकत नाही का? जगाच्या स्थापनेपूर्वी तर तो जन्मलाही नव्हता! निवड तुमच्या समजण्याआधीची म्हणता आणि पाणी मात्र समजल्यावरच?

पाण्यातून वर:
निवड आणि बाप्तिस्मा यांची खिचडी करू नका. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत हाच क्रम आहे.

घोडनदीकर:
फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरातल्या "सर्वांचा" झाला त्याचं काय?

पाण्यातून वर:
त्या घरात तान्हं मूल होतं असं कुठे लिहिलंय, दाखवा. आणि तुमच्या वडिलांचे अश्रू म्हणजे वचन नव्हे.

घोडनदीकर:
माझ्या बापाबद्दल तोंड सांभाळून बोला.

भिंगारची लेक:
दोघांनीही थांबा. त्यांच्या वडिलांना मध्ये आणायला नको होतं.

रोम आठ, तुमची झोप मला काढून घ्यायची नाही. तुम्ही ज्या परंपरेचं बोलता तीच बघा. निवडीचा सिद्धांत ठरवणारी हॉलंडमधली डॉर्टची सभा, १६१८-१९. तिने लिहिलं की ही खात्री वेगवेगळ्या वेळी आणि कमीजास्त प्रमाणात मिळते. स्कॉटिश मिशनरी ज्या वेस्टमिन्स्टरच्या अंगीकारात, म्हणजे विश्वासाच्या लेखी जाहीरनाम्यात, वाढले, त्यात तर खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी फार दिवस थांबावं लागू शकतं असं आहे. मग "खात्री नाही, तर तारण नाही" हे आलं कुठून? इंग्रज कवी विल्यम कूपर आठवा. त्याची गीतं जगभर गायली जातात, आणि तो स्वतः आपण टाकलेलेच आहोत या धास्तीत १८०० साली मेला. त्याच्या खाटेशी बसून तुम्ही काय विचारलं असतं?

रोम आठ:
कूपरला मानसिक आजार होता, त्याचं उदाहरण चालणार नाही.

डॉर्टचं मात्र खरं आहे, परत काढून वाचलं. त्या भावाचं दुसरं वाक्य चुकीचं, एवढं मान्य. निवडीबद्दल एक शब्दही मागे घेत नाही. उलट आजींनी "त्याची मर्जी" म्हटलं ते माझ्या बाजूचं आहे. ज्याने सगळं त्याच्या मर्जीवर सोडलं, त्याच्याकडे आणखी काय मागायचं? त्या पाळकाला समोर बसलेली निवड ओळखता आली नाही.

भिंगारची लेक:
हे त्या दिवशी तिला कुणी सांगितलं असतं तर.

रोम आठ:
हो. मीही तेव्हा नवा होतो. कदाचित मीही तोच प्रश्न विचारला असता. दोन-तीन घरांत विचारलाही आहे.

घोडनदीकर:
सगळं ठीक. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. रविवारी त्याच भावाच्या मुलाचं अर्पण आहे, म्हणजे मूल नुसतं प्रार्थनेने देवाला वाहायचं, बाप्तिस्मा नाही. बाबांना नेऊ की नको?