मदत हवी आहे: ‘नामा म्हणे’, पण कोणता नामा?
मालवणकडच्या एका देवळातलं जुनं भजनी बाड तपासायचं आहे. त्यात ‘नामा म्हणे’ मुद्रेचे (म्हणजे शेवटी कवीच्या नावाची खूण असलेले) अभंग आहेत. नुसत्या मुद्रेवर भरवसा नाही: संत नामदेव १२७० ते १३५०, विष्णुदास नामा १६व्या शतकातला. छंद मोजला, ६-६-६-४ अक्षरं, जोडाक्षर एकच धरून, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. तरी काही ठिकाणी चौथा चरण पाच अक्षरी भरतो (गाताना घातलेला ‘हो’, ‘रे’ लेखनिकाने उतरवला असणार!). खाऱ्या, दमट हवेने शाईही फुटलीय. ‘म्हणौनि’, ‘जेथ’ अशी जुनी रूपं नकलकार बदलून टाकतात, म्हणजे तोही पुरावा कच्चाच. मग दोघांना वेगळं काढायला आणखी कशावर विसंबावं?